क्रेडिट कार्ड निवडताना: आधी आपला खर्च मांडा, मग कार्डं बघा

'सध्या सगळ्यात चांगलं क्रेडिट कार्ड कोणतं?' या प्रश्नाला खरं तर उत्तर नाही. महिन्याला दहा हजारांचं डिझेल भरणाऱ्याचं कार्ड वेगळं, सगळा किराणा ॲपवरून मागवणाऱ्याचं वेगळं आणि वर्षातून चारदा विमानाने जाणाऱ्याचं त्याहून वेगळं. तुलना करायची ती एकाच आकड्यावर: आपण जो खर्च एरवीही करणारच आहोत, त्यावर वर्षाअखेर फी आणि जीएसटी वजा जाऊन किती रुपये हातात पडतात. हा आकडा अर्ध्या तासात, कागद-पेन घेऊन काढता येतो. लाउंज, सोनेरी रंग, 'सिग्नेचर' किंवा 'प्लॅटिनम' ही नावं, हे सगळं त्यानंतर.

त्याआधी एक प्रश्न: बिल दर महिन्याला पूर्ण भरणार का?

याचं उत्तर नक्की 'हो' नसेल तर रिवॉर्डची तुलना करण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के असतं, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ती मर्यादा आता धरून चालू नका.

व्याज कसं चढतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा बिलाची तारीख दर महिन्याची १५ आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ४. तुम्ही २० जूनला ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १५ जुलैला बिल आलं: एकूण देय ४०,०००, किमान देय २,०००. हात आखडलेला होता म्हणून ४ ऑगस्टला फक्त किमान रक्कम भरली. आता ४५ टक्के वार्षिक दराने व्याज लागेल, आणि ते ४ ऑगस्टपासून नव्हे तर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे २० जूनपासून. ४०,००० वर ४५ दिवसांचे २,२१९ रुपये, उरलेल्या ३८,००० वर १५ ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचे ५१५ रुपये. या २,७३४ रुपयांवर १८ टक्के जीएसटी ४९२ रुपये. १५ ऑगस्टच्या बिलात ४१,२२६ रुपयांच्या आसपास आकडा दिसेल. म्हणजे दोन हजार भरूनही देणं मूळ रकमेपेक्षा वाढलं. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुधाची पिशवी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज.

दोन टक्के कॅशबॅकच्या कार्डाने ही भरपाई कधीच होणार नाही. एखाद्या खरेदीला पाच-सहा महिने लागणारच असतील तर वैयक्तिक कर्ज किंवा एफडीवरचा ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून घेतलेली उचल) बहुतेक वेळा कितीतरी स्वस्त पडतो. पगार महिन्याच्या ७ तारखेला आणि बिल भरण्याची मुदत ४ तारखेला, अशा साध्या कारणानेही लोक या चक्रात अडकतात. त्यावर उपाय आहे: बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ग्राहकाला दिला आहे. तो वापरा, आणि मुदत पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल अशी तारीख घ्या.

बिनव्याजी मुदत '५० दिवसांपर्यंत' असं जाहिरातीत लिहितात त्यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. वरच्याच तारखांत १६ जूनच्या खरेदीला ४९ दिवस मिळतात आणि १५ जुलैच्या खरेदीला फक्त २०. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करायची ती याच कारणासाठी.

तीन महिन्यांचा खर्च मांडा

बँकेचं खातेपत्रक आणि यूपीआय ॲपमधला इतिहास, दोन्ही उघडा. सणाचा किंवा लग्नाचा महिना सोडून तीन साधे महिने घ्या. खर्च या खणांत वाटा: दुकानातला किराणा, ऑनलाइन खरेदी (कोणत्या साइटवर किती, हे वेगळं), पेट्रोल, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट बिलं, बाहेरचं जेवण, औषधं, प्रवास. शाळेची फी, विम्याचा हप्ता, मालमत्ता कर हे वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च बाजूला लिहा. घरभाडं, कामवाल्या ताईंचा पगार, भाजीवाला, गृहनिर्माण संस्थेचा मेंटेनन्स हे पैसे सहसा कार्डाने जात नाहीत किंवा गेले तरी त्यावर काही मिळत नाही. ते धरूच नका. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'माझा खर्च महिन्याला साठ हजार' असं म्हणणाऱ्याचा कार्डायोग्य खर्च मोजला तर पंचवीस-तीस हजार निघतो.

पुण्या-नाशिकातल्या चौघांच्या कुटुंबाचं एक कल्पित उदाहरण घेऊ. महिन्याला किराणा १२,०००, ऑनलाइन खरेदी ६,००० (त्यातले ३,५०० एकाच मोठ्या साइटवर), पेट्रोल ४,०००, बिलं ५,०००, हॉटेल ३,०००, औषधं-इतर २,०००. एकूण ३२,०००. आता बाजारात सर्रास दिसणाऱ्या तीन प्रकारच्या कार्डांवर हाच खर्च टाकून बघू.

पहिलं कार्ड आजीव मोफत. एका साइटवर ५ टक्के, बाकी सगळीकडे १ टक्का, पेट्रोल आणि बिलांवर काही नाही. ३,५०० वर १७५ रुपये. उरलेल्या १९,५०० वर १९५. महिन्याला ३७०, वर्षाला ४,४४०. फी नाही, म्हणून निव्वळही तेवढेच.

दुसरं कार्ड ९९९ रुपये वार्षिक फीचं, जीएसटीसह १,१७९. सर्व ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का, पेट्रोल-बिलं वगळलेली. ६,००० वर ३००, १७,००० वर १७०. महिन्याला ४७०, वर्षाला ५,६४०. दोन लाखांच्या वार्षिक खर्चावर फी माफ असेल तर ५,६४० पूर्ण पदरात. नसेल तर ४,४६१, म्हणजे मोफत कार्डाच्या जवळपास तेवढेच. पण हेच कुटुंब अर्धा किराणा ॲपवरून मागवू लागलं तर महिन्याला आणखी २४० वाढतात आणि दुसरं कार्ड स्पष्ट पुढे जातं. अर्थात ॲपवर तूरडाळ किलोमागे दहा रुपयांनी महाग नसेल, तरच.

तिसरं कार्ड 'प्रीमियम'. फी २,५००, जीएसटीसह २,९५०. दर १५० रुपयांवर ४ पॉइंट, बिलांवरही मिळतात. पेट्रोल वगळून २८,००० रुपयांवर महिन्याला साधारण ७४६ पॉइंट, वर्षाला सुमारे ८,९५०. विमान तिकिटासाठी वापरले तर पॉइंटला ५० पैसे, बिलात वळते केले तर २० पैसे. म्हणजे ४,४७५ रुपये किंवा १,७९० रुपये. फी वजा केल्यावर एका वाटेने दीड हजार हाती, दुसऱ्या वाटेने अकराशेहून जास्त तोटा. हे कुटुंब वर्षातून चारदा विमानतळावर जात असेल आणि लाउंजमध्ये खरोखर जेवत असेल, तर हिशेब बदलेल. 'जाऊ कधीतरी' एवढ्यावर बदलणार नाही.

पॉइंटच्या जाहिरातीत '४ एक्स', '१० एक्स' दिसलं की लगेच टक्क्यांत उतरवायचं. सूत्र साधं आहे: पॉइंटची संख्या गुणिले एका पॉइंटची पैशातली किंमत, भागिले किती रुपयांवर ते मिळतात. १५० रुपयांवर ४ पॉइंट, पॉइंट २० पैशांचा: ८० पैसे भागिले १५० रुपये, म्हणजे ०.५३ टक्के. पुष्कळ 'भरघोस' कार्डं या सूत्रापुढे अर्ध्या टक्क्यावर येऊन थांबतात. आणखी एक बारीक गळती: १५० च्या पटीत न बसणारी रक्कम सोडून दिली जाते. २९० रुपयांच्या खरेदीला ८ नव्हे, ४ च पॉइंट.

बारीक अक्षरांत काय शोधायचं

प्रत्येक बँकेला अर्जासोबत एका पानाचं मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं. त्यात व्याजदर आणि सगळे आकार असतात. त्याखेरीज संकेतस्थळावर 'सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती' असा दस्तऐवज असतो. कार्डाची माहिती देणारे व्हिडिओ आणि तुलना करणाऱ्या साइट्स यांना अर्जामागे कमिशन मिळत असतं, हे लक्षात ठेवून त्यांचं ऐका. आकडा मात्र बँकेच्याच कागदावर तपासा. तिथे हे पाहायचं:

- वगळलेले खर्च. पेट्रोल, भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, सोनं, ईएमआयवरची खरेदी बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. विमा, शाळेची फी आणि वीजबिल काही कार्डांत चालतं, काहींत नाही, काहींत मर्यादेपर्यंत. काही बँका भाडं, वॉलेट किंवा ठरावीक रकमेपुढच्या बिलांवर उलट १ टक्का आकार लावतात.
- मासिक कमाल मर्यादा. '५ टक्के' खाली 'महिन्याला कमाल २५० रुपये' असेल तर ५,००० च्या पुढच्या खर्चावर तो दर उरलाच नाही.
- कॅशबॅक कुठे जमा होतो. बिलात वजा होणं सर्वांत उत्तम. एखाद्या साइटच्या वॉलेटमध्ये आला तर तिथेच खर्चावा लागतो. व्हाउचर असेल तर त्याची किंमत मनातल्या मनात दहा-वीस टक्क्यांनी कमी धरा.
- पॉइंटची मुदत आणि वळवण्याचा आकार. मुदत बहुधा दोन-तीन वर्षं. वळवताना काही बँका ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात.
- फी माफीची अट. वार्षिक खर्चात भाडं, पेट्रोल, वॉलेट मोजतात की नाही? वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष नव्हे, कार्ड दिल्यापासूनचे बारा महिने.

'आजीव मोफत' आणि 'पहिलं वर्ष मोफत' यांत फोनवर बोलणारा एजंट फारसा फरक करत नाही. तुम्ही करा. मेलवर किंवा अर्जाच्या पडद्यावर तसं लिहिलेलं असेल त्याचं चित्र काढून ठेवा.

दुकानाचा प्रकार तुम्ही नाही, कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांचा) चार आकडी कोड ठरवतो. सुपरमार्केटचा कोड ५४११, हॉटेलचा ५८१२, पेट्रोलपंपाचा ५५४१ किंवा ५५४२, वीज-पाणी वगैरे सेवांचा ४९००, भाड्याचा ६५१३, वॉलेटचा ६५४०. मॉलमधल्या सुपरमार्केटने स्वतःची नोंद 'डिपार्टमेंट स्टोअर' म्हणून केली असेल तर 'किराण्यावर ५ टक्के' तिथे लागणार नाही, आणि बँकेशी वाद घालून उपयोग नाही. नवं कार्ड आलं की नेहमीच्या दुकानात एक छोटी खरेदी करून पॉइंट येतात का ते बघा, मग महिन्याची यादी त्यावर घ्या.

पेट्रोलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. '१ टक्का इंधन अधिभार माफ' ही सवलत नव्हे. कार्ड वापरल्याबद्दल जो १ टक्का जादा लागतो तो परत मिळतो, एवढंच. त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही, आणि माफी बहुधा ४०० ते ५,००० रुपयांच्या व्यवहारालाच असते. दीडशेचं पेट्रोल भरून कार्ड घासलं तर अधिभार खिशातून. पेट्रोलचा खर्च खरोखर मोठा असेल तरच तेल कंपनीसोबतचं को-ब्रँडेड कार्ड बघा, आणि तेही त्या कंपनीचा पंप वाटेत असेल तर.

'नो कॉस्ट ईएमआय' हाही तसाच प्रकार. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत, दरमहा ५,०००. व्यवहारात विक्रेता किंमत तेवढी कमी करतो आणि बँक त्यावर व्याज लावते. १६ टक्के दर धरला तर व्याज साधारण १,३५० रुपये. ते सवलतीत वळतं होतं, पण त्यावरचा जीएसटी सुमारे २४३ रुपये तुमच्या बिलात येतोच. प्रक्रिया आकार १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. झाले पावणेपाचशेहून जास्त. रोख घेतला असता तर दुकानदाराने हजार कमी केले असते का, तेही विचारून घ्या. मुदतीआधी ईएमआय बंद केला तर काही बँका उरलेल्या मुद्दलावर ३ टक्क्यांच्या आसपास आकार लावतात.

रोख रक्कम क्रेडिट कार्डाने काढू नका. आकार साधारण अडीच टक्के, किमान पाचशेच्या घरात, वर पहिल्या दिवसापासून व्याज. बिनव्याजी मुदत इथे शून्य.

रुपे की व्हिसा?

नाक्यावरच्या वाण्याकडे, मेडिकलमध्ये, पोळीभाजी केंद्रावर कार्डाचं यंत्र नसतं, क्यूआर मात्र असतो. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे हा खर्चही कार्डावर येतो. हे फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. मित्राला किंवा घरमालकाच्या खात्यावर पैसे पाठवता येत नाहीत. दुकानदाराने स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर व्यवहार नाकारला जाईल, दोष कार्डाचा नाही. यूपीआयवरच्या खर्चाला पॉइंट देताना बऱ्याच बँका हात आखडता घेतात: दर कमी किंवा मासिक मर्यादा. ते वेगळं वाचा.

दहा लाखांहून जास्त कार्डं चालू असलेल्या बँकांनी नवं कार्ड देताना ग्राहकाला नेटवर्क निवडू द्यायला हवं, असा नियम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. जुन्या ग्राहकांना हा पर्याय नूतनीकरणाच्या वेळी मिळतो. परदेशी संकेतस्थळांवर वर्गणी भरत असाल किंवा परदेशात जात असाल तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड सोयीचं. गल्लीतला खर्च जास्त असेल तर रुपे. एक-एक दोन्ही ठेवणं बहुतेकांना पुरतं. तिसऱ्या-चौथ्या कार्डाने मिळणारे शे-दोनशे रुपये आणि चार वेगळ्या मुदती लक्षात ठेवायचा व्याप, यांचा मेळ बसत नाही.

परदेशातल्या खर्चाचं

परकीय चलनातल्या व्यवहारावर साधारण ३.५ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. लाखाच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, एकूण ४,१३० रुपये. महागड्या कार्डांत हा दर २ टक्क्यांवर येतो, मोजक्या कार्डांत शून्य. मुलगी जर्मनीत शिकते किंवा वर्षातून एकदा दुबईची फेरी होते, अशा घरात हा एकच आकडा बाकी सगळ्या रिवॉर्डवर मात करतो. दुकानदार 'रुपयांत देऊ का?' असं विचारेल. नको म्हणा, तिथल्याच चलनात द्या. रुपयांतला भाव तो वाईट लावतो आणि आपली बँकही त्यावर वेगळा आकार घेऊ शकते.

मिळेल का, हे अर्जाआधी बघा

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज-बिलं फेडण्याच्या इतिहासावरून ठरणारा आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो; ७५० च्या पुढे असेल तर साधारणपणे अडचण येत नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्ज करण्याच्या महिनाभर आधी तो काढा. फेडलेलं कर्ज 'बाकी' दिसतंय, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर आलंय, अशा चुका निघतात आणि त्या दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. एका आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज केले की सहाव्या बँकेला हा माणूस पैशांच्या तंगीत आहे असं वाटतं. म्हणून सुरुवात पगाराचं खातं असलेल्या बँकेपासून करा. 'पूर्वमंजूर' कार्ड तिथे असेल तर कागदपत्रंही फारशी लागत नाहीत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते देणं बँकेवर बंधनकारक आहे.

नोकरी नवी आहे, गृहिणी आहात, विद्यार्थी आहात किंवा उत्पन्न रोखीत आहे, तर एफडीवरचं कार्ड हा सरळ मार्ग. पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवली की बहुधा तिच्या ८०-९० टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं, ठेवीवर व्याज चालूच राहतं. वर्षभर वेळेवर बिल भरलं की साध्या कार्डासाठी अर्ज करता येईल एवढा इतिहास तयार होतो. एवढं लक्षात ठेवा की बिल थकलं तर बँक ठेव मोडून वसूल करते.

मर्यादा किती मिळते यालाही किंमत आहे. एकूण मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त वापर सातत्याने दिसला तर स्कोअर घसरतो. ५०,००० च्या मर्यादेवर दरमहा ३२,००० खर्च करणाऱ्याने बिल निघण्याआधीच काही रक्कम भरून टाकावी, म्हणजे बिलात आकडा लहान दिसतो. विचारणा न करता बँक मर्यादा वाढवू शकत नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय मर्यादेपलीकडचा व्यवहार मंजूर करून त्यावर आकारही लावू शकत नाही.

कार्ड हाती आल्यावर पहिला आठवडा

तीस दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. संमती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कोणताही आकार न घेता ते बंद करावं लागतं. विचार बदलला असेल तर ही सुटकेची वाट आहे. न मागता कार्ड पाठवणं नियमबाह्यच. तसं कार्ड सुरू करून बिल लावलं तर बँकेने ते आकार परत करायचे आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची, असं नियम सांगतो.

ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून पैसे देणं, यांचे खटके हवे तसे चालू-बंद करा. टॅपने ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड हरवलं तर हीच रक्कम पहिली जाते. त्यामुळे मर्यादा हजार-दोन हजारांवर आणून ठेवणं बरं.

नंतर ऑटोपे लावा. तिथे दोन पर्याय दिसतात, 'एकूण देय' आणि 'किमान देय', आणि काही ठिकाणी 'किमान' आधीच निवडलेलं असतं. लोकांच्या नकळत वर्षानुवर्षं व्याज जातं ते इथूनच. 'एकूण देय' निवडा आणि पहिल्या बिलाला पैसे खरंच वळते झाले का ते डोळ्यांनी बघा, कारण मँडेट (खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी) मंजूर व्हायला एखादं बिलचक्र जाऊ शकतं. मुदत चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा: तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय बँक विलंब आकार लावू शकत नाही की क्रेडिट संस्थांना थकबाकी कळवू शकत नाही. व्याजाची सूट मात्र या तीन दिवसांत नाही.

पहिलं बिल ओळ न् ओळ वाचा. 'कार्ड प्रोटेक्शन', अपघात विमा, 'क्रेडिट शील्ड' अशा नावाखाली दोन-चारशेची ओळ दिसली आणि तुम्ही स्पष्ट होकार दिलेला नसेल, तर लगेच लेखी तक्रार करा. याच आठवड्यात 'कार्ड ॲक्टिव्हेट करून देतो', 'पॉइंट आज संपतायत' असे फोनही येतात. ओटीपी तुम्हीच सांगितला तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या अंगावर पडतं. फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः करा.

वर्षातून एकदा फेरहिशेब, आणि बंद करणं

सवलती बदलतात, आणि बहुधा कमीच होतात. आकार बदलायचा तर बँकेने महिनाभर आधी कळवायचं असतं; तो मेल जाहिरातींच्या ढिगात येतो. म्हणून पॉइंट साठवत बसू नका, दर तीन-चार महिन्यांनी वापरून टाका. वार्षिक फी लागायच्या महिनाभर आधी वरचा हिशेब पुन्हा मांडा. निव्वळ आकडा उणे येत असेल तर ग्राहकसेवेला फोन करून फी माफ करायला सांगा. मिळते पुष्कळदा. नाही मिळाली तर बिनफीच्या कार्डात बदलून मागा. जुनं खातं चालू राहिल्याने इतिहासाची लांबी टिकते.

बंदच करायचं असेल तर क्रम असा: पॉइंट वापरा, त्या कार्डावरचे ओटीटी, वीजबिल, विम्याचे मँडेट दुसरीकडे न्या, चालू ईएमआय संपवा, बाकी शून्य करा, मग ॲप, मेल किंवा फोनने विनंती नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायलाच हवं. पुढच्या प्रत्येक दिवसाला बँक तुम्हाला ५०० रुपये देणं लागते. 'बंद झाल्याचं पत्र' मागून जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी सिबिल अहवालात ते खातं बंद दिसतंय का ते पाहा. को-ब्रँडेड कार्ड असेल तर हे सगळं त्या साइटशी नव्हे, कार्ड देणाऱ्या बँकेशी बोलायचं, जबाबदारी तिची.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीला विनंती क्रमांक, बिलाची पीडीएफ आणि बँकेला केलेल्या मेलची प्रत जोडा.